आईच्या नाटकाचे चार अंक

एकच नाटक मी तीन वेळा पाहिलं, तीन वेगवेगळ्या मंडळींनी केलेलं, आणि प्रत्येक वेळी माझा गोंधळ आधीपेक्षा वाढला. नाटक जुनं, संगीत, पाच अंकी. पाच हा आकडा मी ठामपणे लिहिते आहे, कारण त्यावरूनच आमच्या घरात दहाबारा वर्षं वाद चालू होता. आईच्या मते नाटक चारच अंकांचं होतं आणि पाचवा मागाहून कोणीतरी चिकटवला होता.

बरं, तिला उडवून लावावं तर तेही जमेना. आई उमेळ्याच्या शेतकरी घरातली. घरची भातशेती आणि केळीची वाडी. ती सतरा वर्षांची असताना गावच्या मंडळाने हेच नाटक बसवलं आणि त्यात नायिका तिने केली. तोवर गावात बायकांची कामं पुरुषच करायचे. या वेळी खरी मुलगी उभी करायची असं मंडळाने ठरवलं, आणि भजनात तिचा आवाज ऐकलेला असल्यामुळे आठ दिवस आजोबांकडे खेटे घातले. आजोबा शेवटी हो म्हणाले. प्रयोग एकच झाला. त्याच वैशाखात आईचं लग्न झालं आणि पुढे तिचं गाणं आरतीपुरतं आणि स्वयंपाकघरापुरतं उरलं.

स्वयंपाकघरात मात्र ती हे नाटक रोज करायची. सकाळी पीठ मळताना पहिला अंक, दुपारी तांदूळ निवडताना दुसरा. मला झोपवताना गोष्टही हीच. एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न एका शिलेदाराशी होतं. तो मोहिमेवर जातो आणि दोन वर्षांनी जोग्याच्या वेषात परत येतो, बायको आपल्याला विसरली की काय ते पाहायला. (हा माणूस मला लहानपणापासून आवडत नाही.) ती दारी आलेल्या जोग्याला जेवू घालते, त्यावरून लोक बोलतात, सासू तिला घराबाहेर काढते. चौथ्या अंकाच्या शेवटी ती बंद दाराबाहेर पायरीवर बसून गाते.

"मग?" मी विचारायचे.

"मग काय? संपलं. झोप आता."

मला वाटायचं, मोठ्या माणसांची नाटकं अशीच असतात. पुढे कॉलेजात असताना लायब्ररीत नाटकाचं पुस्तक हाती लागलं आणि त्यात चक्क पाचवा अंक निघाला. तो जोगी वेष उतरवतो, क्षमा मागतो, तिचा हात धरून तिला दारापर्यंत नेतो आणि ती शेवटचं पद म्हणते. मी ते पुस्तक घरी आणून आईपुढे ठेवलं. तिने पानं उलटलीसुद्धा नाहीत.

"छापनारे काय, कायपन छापतात," ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

पहिला प्रयोग पाहिला तो उमेळ्यातच, नव्वद सालानंतर दोनतीन वर्षांनी. वडील गेल्यावर आई माझ्याकडे एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत राहायला आली होती. घरात आम्ही दोघीच. मी बँकेत आणि ती दिवसभर त्या दुसऱ्या मजल्यावर, खाली कोणाच्या चपला वाजल्या तर डोकावून बघत. गावच्या तरुण मंडळाने जुनं नाटक पुन्हा करायचं ठरवलंय, दुपारी चारला शाळेच्या मैदानात, असं कळल्यावर मी तिला न विचारताच पुढच्या रांगेतल्या खुर्च्या धरून ठेवायला सांगितलं. आईने दोन दिवस आधी पातळ काढून इस्त्रीला दिलं.

नायिका मुंबईहून आणलेली. आवाज गोड, पण पदं तिने अशी पळवली की तबलजी बिचारा तिच्या मागे धावत होता. साकीच्या संथ पदाच्या जागी कोणीतरी नाच घुसडला होता. नव्या पोरांना बसून गाणारी बाई बघवत नसावी. आई मधूनमधून माझ्या कानाशी लागून चुका सांगत होती. "घागर डाव्या कमरेवर पायजे. उजव्या हाताने ती दार लोटते ना." किंवा, "इथे तिने त्याच्याकडे बघायचं नाय. पानी वाढायचं आनि मागे सरायचं." पुस्तक मी चार वेळा वाचलं होतं. यातलं एकही त्यात नव्हतं आणि तरी प्रत्येक गोष्ट बरोबर वाटत होती.

चौथा अंक संपला, पडदा पडला, आणि आईने पिशवी उचलली. "चल."

"अगं, एक अंक आहे अजून."

"माझं झालं. तुला बसायचं तर बस."

मी बसले. अर्धी हट्टाने आणि अर्धी उत्सुकतेने. पाचव्या अंकात शिलेदाराने नायिकेच्या पायावर लोटांगण घातलं, मैदानात शिट्ट्या झाल्या, त्याने तिचा हात धरला तेव्हा तर मागच्या पोरांनी ओरडून उच्छाद मांडला. बाहेर आले तर आई मंडपाच्या खांबापाशी उभी होती. ज्या वाडीत ती लहानपणी केळी तोडायची तिथे आता चार मजली इमारत उभी राहत होती, तिकडे बघत. मी विचारलं, कंटाळा आला का? पाय दुखतात का? आवडलं नाही का? ती म्हणाली, "नाटक बरं केलं पोरांनी." आणि तिने रिक्षाला हात केला.

त्या दिवसापासून मी एक वही केली. शाळकरी पोरीसारखे त्यात रकाने आखले. एका बाजूला पुस्तकातलं, दुसऱ्या बाजूला या प्रयोगातलं, तिसऱ्या बाजूला आईच्या तोंडून आलेलं. पहिल्या चार अंकांसाठी आईचा रकाना सर्वांत भरलेला होता. कोण कुठून येतं, कुठे श्वास घ्यायचा, कोणत्या ओळीला पेटीवाल्याने थांबायचं, सगळं. पाचव्या अंकासमोर त्या रकान्यात काहीच नव्हतं. ज्या बाईला घागरीची बाजू आठवते तिला अख्खा एक अंक आठवू नये? तिच्या विस्मरणाचीही मला भीती वाटून गेली. पण गल्लीतल्या दुकानदाराने महिन्यापूर्वी दिलेली खवट शेंगदाण्यांची पुडी तिला आठवत होती आणि ती त्याला ते रोज ऐकवत होती. तेव्हा विस्मरणाचा मुद्दा मी खोडून टाकला.

दुसरा प्रयोग फुलपाड्याच्या एका सभागृहात झाला, चारपाच वर्षांनी. ही धंदेवाईक कंपनी. नायिका साठीची तरी असेल, वजनदार, आणि काम सतरा वर्षांच्या पोरीचं. पहिली दहा मिनिटं मी मनातल्या मनात तिची टर उडवत होते. मग तिने पायरीवरचं पद धरलं आणि माझी बोलती बंद झाली. तीन वेळा वन्स मोअर. तिसऱ्या वेळी तिने एक ओळ अशी संथ केली की माझ्या शेजारची आई पुटपुटली, "आत्ता. हे असं." तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आज ती बसणार. आज माझी वही भरणार.

पडदा पडला, आणि आईने पायांनी चपला चाचपल्या.

मी संतापले. चारचौघांत मी सहसा आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. "नाटक अर्धवट टाकून जायची ही कुठली रीत? इतकं आवडलं ना? मग शेवट बघ की!"

"शेवट बघितला," आई म्हणाली. "पायरीवर बसली ती. तोच शेवट."

"पुस्तकात..."

"तू बस गे. मी भायेर बाकड्यावर हाय."

मी बसले, पण पाचवा अंक डोक्यात शिरला नाही. त्यात पुन्हा वन्स मोअरपायी सभागृहाची वेळ संपत आली होती आणि कंपनीने तो अंक दहा मिनिटांत गुंडाळला. शिलेदार धावत आला, क्षमा मागितली, हात धरला, पद झालं. वहीत मी लिहिलं, 'पाचवा अंक उरकला.' खाली लिहिलं, 'आई गेली.' आणि मग ते वाचून मलाच कसंतरी झालं, म्हणून 'बाहेर' हा शब्द घातला.

तेव्हापासून मी जरा वेड्यासारखीच वागले म्हणायची. लायब्ररीत जाऊन नाटकाच्या जुन्या प्रती बघितल्या. सगळ्यांत पाचवा अंक. कधी वाटे, उमेळ्याच्या मंडळाने सोयीसाठी चार अंकच केले असतील. कधी वाटे, आईला त्या शिलेदाराला क्षमा करायचीच नाही, आणि हे वाटलं की मला तिचा अभिमान वाटे. वडिलांशी तिचं कसं होतं याचाही मी त्या उजेडात विचार करून पाहिला. पण वडील साधे, मऊ बोलणारे. त्यांनी कधी तिची परीक्षा घेतली असेल असं वाटेना. ती वही म्हणजे नुसता घोळ होऊन बसली होती.

शेवटी मी उमेळ्याला मामाकडे गेले. मामा म्हणजे आईचा थोरला चुलतभाऊ, सत्तरी पार केलेला. त्या प्रयोगात तो पडदा ओढायला होता. ओट्यावर बसून पपई कापत होता. मी आडवळणाने सुरुवात केली, की तुमच्या वेळचा पाचवा अंक कसा होता?

मामाने सुरी बाजूला ठेवली. "तुझ्या आयने पाचवा अंक केलाच नाय."

"म्हणजे नाटक चारच अंकांचं केलं तुम्ही?"

"पाच केले. तिने चार केले." मग त्याने सगळं सांगितलं. चौथ्या अंकानंतर पडदा पडला तेव्हा कोणीतरी आजोबांच्या कानात सांगितलं, की आता पुढच्या अंकात तो शिलेदार तुमच्या पोरीचा हात धरणार, सगळ्या गावासमोर. शिलेदाराचं काम गावचा शिंपी करत होता. आजोबांना वाचता येत नव्हतं. नाटक चांगलं आहे, देवाधर्माचं आहे, एवढ्यावर त्यांनी होकार दिला होता. ते उठले, मागच्या कनातीतून आत गेले आणि मुलीला तशीच, रंग लावलेली, नाटकातल्याच पातळात घरी घेऊन आले. आईने तोंडातून शब्द काढला नाही.

"आणि पुढे?"

"पुढे काय, लोक बसलेले. आमचा जुना स्त्रीपार्टी होता, त्याला उभा केला. पन त्याने तवा मिशी राखलेली." मामाला इतक्या वर्षांनीही हसू आवरेना. "अख्खा अंक पदर नाकापर्यंत ओढून! शेवटच्या पदाला पदर सरकला आनि मिशी दिसली. लोक खुर्च्यांवरून पडले. असा हसलेला गाव मी परत बघितला नाय."

मामाचं घर आणि आईचं माहेर एकाच भिंतीचं. मैदान तिथून हाकेच्या अंतरावर. मी विचारलं, घरी ऐकू आलं असेल का?

मामाचं हसू थांबलं. "आलं असनार," तो म्हणाला, आणि पपईची एक फोड माझ्या हातावर ठेवली.

घरी आले तेव्हा आई टीव्हीसमोर भाजी निवडत होती. तिला सांगावं की नाही, कळेना. आजोबांचा राग आला. ते मला खांद्यावर बसवायचे, त्यांच्या खिशात माझ्यासाठी बोरं असायची, त्या आजोबांचा. आईचाही राग आला, की इतकी वर्षं मला पुस्तकं धुंडाळायला लावलीस आणि एवढंसं सांगितलं नाहीस. मग मनात आलं, ती खोटं कुठे बोलली? तिचं नाटक चार अंकांचंच होतं. मी भाजीचं ताट ओढून घेतलं आणि मेथी निवडायला लागले. ती म्हणाली, मामा बरा आहे ना? मी म्हटलं, बरा आहे.

मग दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्याच एव्हरशाईन सिटीत एका शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी तेच नाटक लागलं. नव्या पिढीसाठी म्हणे आटोपशीर केलेलं. दिग्दर्शक समोरच्याच इमारतीतला, पंचविशीतला. किराणा दुकानात भेटला तेव्हा मी प्रयोगाची चौकशी केली. पेटी, तबला काही नाही, संगीत सगळं आधीच ध्वनिमुद्रित. मी नाक मुरडलं. मग तो म्हणाला, "मध्यंतर एकच, काकू. दुसऱ्या अंकानंतर. पुढचे तीन सलग, पडदाच पाडत नाही आपण."

मी तिथेच, तुरीची डाळ हातात घेऊन, थोडा वेळ उभी राहिले. पडदाच पाडत नाहीत.

आईला मी हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर मला तेव्हाही देता येत नव्हतं, आजही येत नाही. तिच्यासाठी केलं म्हणावं तर त्यात वाद जिंकायची खुमखुमी होतीच. आणि खुमखुमी म्हणावी तर आदल्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं, तेही खरं. सकाळी तिने पातळाच्या निऱ्या करताना विचारलं, "चांगलं करतात का हे?" मी म्हटलं, बघू या.

तीनही प्रयोगांत हा सर्वांत वाईट होता, हे आधी सांगून टाकते. शिलेदार व्यायामशाळेतून थेट आल्यासारखा, गालावर चिकटवलेला माइक. नायिका चांगली होती, पण गाण्याची पट्टी आणि वेग यंत्राने ठरवलेला, तिला श्वास घ्यायलाही सवड नव्हती. कोणी वन्स मोअर दिला तरी ते यंत्र पुढेच जायचं. आई कानाशी लागून चुका सांगायचीही थांबली होती.

पायरीवरचं पद झालं. आईने पिशवी मांडीवर घेतली, चपला चाचपल्या आणि उठली. दिवे निळे झाले, नायिका तशीच पायरीवर राहिली आणि विंगेतून शिलेदार आला. आई अर्धवट उभी. मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, बसा ना खाली, दिसत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत राहिले. ती बसली.

माझ्या वहीत या पाचव्या अंकाचं एक अक्षर नाही, कारण मी स्टेजकडे पाहिलंच नाही. मी आईकडे पाहत होते. शिलेदाराने क्षमा मागितली असणार, कारण तिची मान किंचित हलली. मग त्याने हात धरला. ते मात्र मी पाहिलं. दोन्ही हातांत तिचा हात घेऊन तो बराच वेळ उभा होता, पाठीमागे सनया.

"आमच्यात असा हात नव्हता," आई म्हणाली. आवाज हळू, पण नेहमीचा, घागरीबद्दल बोलायची तसाच. "तालमीच्या मास्तरने रुमाल ठेवलेला मधी. एक टोक त्याने धरायचं, एक मी. चार मात्रा झाल्या की सोडायचं. तीन महिने तशीच तालीम केली."

मी विचारलं, "आजोबांना ठाऊक नव्हतं?"

"त्यांनी इचारलं नाय. मी सांगायला तोंड उघडलं नाय. सगळ्यांसमोर बापाला कसं सांगायचं?"

स्टेजवर शेवटचं पद सुरू झालं. आणि आईने ते धरलं. जे पद मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, पीठ मळताना नाही, तांदूळ निवडताना नाही, त्याचा शब्दन्‌शब्द तिला येत होता. ती संथ गात होती, मास्तरने शिकवलं तसं, आणि ते यंत्र तिच्या पुढे निघून गेलं. ती अंतऱ्यावर असताना तिकडे पद संपलं. टाळ्या झाल्या, कलाकारांनी नमस्कार केला, दिवे लागले, लोक उठले. आईच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

तिने त्या सोडल्या नाहीत. मांडीवरची पिशवी घट्ट धरून, खाली बघून ती गात राहिली. आमच्या रांगेतल्या माणसांना बाहेर पडायचं होतं आणि वाटेत आम्ही होतो. मी उठून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले.

"काकू, पुढे चला ना," एक जण म्हणाला. "संपलं नाटक."

"थांबा जरा," मी म्हटलं. "पाचवा अंक चालू आहे."